कोणाची परवानगी?

वाचण्याआधी: हा पाठ थोडा लांब आहे, दोन बैठकांत वाचला तरी चालेल. अवघड शब्दांचे अर्थ जागच्या जागी दिले आहेत. घरी कोणी आखातात नोकरी केली असेल, तर आधी त्यांना विचारा, "एनओसी म्हणजे काय हो?" त्यांचा चेहरा बघा आणि मग वाचायला घ्या.

मी ओमानमध्ये रुस्ताकला राहतो. मस्कतहून गाडीने दीड-दोन तास लागतात. डोंगराच्या पायथ्याचं हे गाव आहे. इथे मोठा किल्ला आहे, गरम पाण्याचा झरा आहे आणि खजुराच्या बागा आहेत.

पण इथे यायला मला मधली दोन वर्षं नागपूरला काढावी लागली. त्याचं असं झालं. २०१७ साली मी मस्कतच्या एका कंपनीत लागलो. दोन वर्षांचा करार होता. करार म्हणजे दोघांनी सही केलेला लेखी शब्द. तो संपला आणि रुस्ताकमध्ये चांगली नोकरी मिळत होती. करार संपला म्हणजे मी मोकळा, असं तुम्हाला वाटेल. तसं नव्हतं! जुन्या मालकाने ‘ना हरकत पत्र’ द्यायला हवं होतं. हरकत म्हणजे आक्षेप, म्हणजे ‘हा माणूस दुसरीकडे गेला तर आमची हरकत नाही’ असं पत्र. यालाच सगळे एनओसी म्हणतात. ते नसेल तर देश सोडायचा, आणि दोन वर्षं परत यायचं नाही.

मी पत्र मागितलं. साहेब म्हणाले, "बघू." आठवड्याने पुन्हा, "बघू." मराठी घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो ते तुम्हाला माहीतच आहे. पत्र मिळालं नाही. मुलगी पहिलीत होती, तिची शाळा सोडवली, सोफा आणि फ्रिज स्वस्तात विकले आणि आम्ही नागपूरला परतलो.

१ जानेवारी २०२१ पासून ओमान सरकारने हा नियम काढून टाकला. आता करार संपला की जुन्या मालकाच्या पत्राशिवाय दुसरी नोकरी धरता येते. (करार मध्येच सोडायचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी.) माझी दोन वर्षं तोपर्यंत संपतच आली होती, ते सोडा!

सरकारने हे आमच्यावर दया म्हणून केलं का? थोडा विचार करा. जो माणूस सोडून जाऊ शकत नाही, त्याचा पगार वाढवायची मालकाला काय गरज? असा बांधलेला परदेशी माणूस स्वस्त पडतो. मग मालक ओमानी तरुणाला कशाला घेईल? परदेशी माणूस मोकळा झाला की हा फरक थोडा कमी होतो. म्हणजे नियम गेला आमचा, पण त्यात सरकारला आपल्या तरुणांचाही फायदा दिसत होता.

लोकांनी आणि कंपन्यांनी आपापसात ठरवावं, सरकारने आणि कागदांनी मध्ये कमी यावं, अशा बदलांना ‘आर्थिक सुधारणा’ म्हणतात. भारतात यासाठी ‘उदारीकरण’ हा शब्द रुळला. उदार म्हणजे मोठ्या मनाचा. शब्द छान आहे, पण सरकारं सहसा मन मोठं झालं म्हणून नाही, तर खिसा रिकामा झाला म्हणून उदार होतात.

भारताचंच बघा. सत्तरच्या दशकात स्कूटर हवी असेल तर आधी पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं थांबायचं. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजचा कारखाना होता. त्यांना जास्त स्कूटर बनवता येत नव्हत्या का? येत होत्या. पण किती बनवायच्या तो आकडा दिल्लीच्या परवान्यात लिहिलेला असायचा. कारखाना वाढवायचा, नवा माल काढायचा, बाहेरून यंत्र आणायचं, सगळ्याला परवाना. लोक याला ‘लायसन्स राज’ म्हणायचे. ऐंशीच्या दशकात काही नियम सैल झाले, पण सगळे नाही.

मग ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेतवर हल्ला केला. तेल महागलं. कुवेतमधून सुमारे १ लाख ७० हजार भारतीयांना विमानांनी घरी आणावं लागलं आणि ते पाठवायचे ते पैसेही थांबले. १९९१च्या उन्हाळ्यात भारताकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरते डॉलर उरले. आयात म्हणजे बाहेरून आणलेला माल. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे ४७ टन सोनं मुंबईहून विमानाने लंडनला गहाण ठेवायला पाठवलं. आपल्याकडे घरातलं सोनं गहाण ठेवायची वेळ आली की सगळे गप्प होतात, तसंच तेव्हा देशाचं झालं.

त्याच महिन्यात, २४ जुलै १९९१ला, अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि त्याच दिवशी १८ उद्योग सोडून बाकी सगळ्यांचे परवाने रद्द झाले. पंतप्रधान होते नरसिंह राव. ते तेलुगू, पण आमच्या नागपूरजवळच्या रामटेकचे खासदार राहिलेले. मराठी इतकं चांगलं, की ह. ना. आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी त्यांनी तेलुगूत नेली. आता परत ओमानला येऊ.

२०१४ नंतर तेल स्वस्त झालं. ग्राहकाला बरं, पण ओमानसारख्या तेल विकणाऱ्या देशाला वाईट. जानेवारी २०१६ पासून पेट्रोलचं अनुदान, म्हणजे सरकार आपल्या खिशातून भरत होतं तो भाग, काढून घेतलं आणि दर महिन्याला भाव ठरू लागला. २०२० मध्ये नवा कायदा लागू झाला. आधी परदेशी माणसाला कंपनी काढायला साधारणपणे ओमानी भागीदार लागायचा, आता बहुतेक धंद्यांत लागत नाही. काही छोटे धंदे मात्र ओमानी लोकांसाठी राखून ठेवले आहेत. १६ एप्रिल २०२१ला ५ टक्के व्हॅट आला. एकाच वर्षात आम्हाला मोकळीक मिळाली आणि बिलही वाढलं.

पेट्रोलच्या भावाबद्दल लोकांची तक्रार वाढत गेली आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये सरकारने पुन्हा त्यावर कमाल मर्यादा घातली. काढलेला नियम असा परतही येतो.

रुस्ताकला आलात तर फलज नक्की दाखवीन. फलज म्हणजे डोंगराखालचं पाणी बागांपर्यंत आणणारा पाट. इथला ‘अल मुयस्सर’ फलज युनेस्कोच्या यादीत आहे. फलजचं पाणी वेळेवर वाटतात: तुमची अर्धा तासाची पाळी असेल तर तेवढा वेळ पाणी तुमच्या बागेत. पाळी विकता येते, भाड्याने देता येते, काही पाळ्यांचा लिलावही होतो. अगदी बाजारच. पण बागांच्या आधी, पाट गावात शिरतो तिथे, प्यायचं पाणी कोणीही भरून घ्यावं. त्याला पैसेही नाहीत आणि कोणाची परवानगीही नाही.

बोलूया, लिहूया

१. आजी-आजोबांना विचारा: घरातली पहिली स्कूटर किंवा पहिला फोन यायला किती वाट बघावी लागली? उत्तर पाच-सहा वाक्यांत लिहा.

२. पेट्रोलवरची मर्यादा परत आणली हे बरोबर झालं का? तुमचं मत एका कारणासकट सांगा.

३. ‘बघू’, ‘हरकत नाही’, ‘चालेल’, ‘सांगतो नंतर’ यांतला खरा होकार कोणता? घरच्या एखाद्या प्रसंगावरून ठरवा.