चार फूट उंचीचं घर

पुणे

चि. ईशान यास,


दुकानात तुला दाखवलेली ती दीड फुटी काचेची पेटी घेऊ नये, असं आत्याचं स्पष्ट मत आहे. पेटी स्वस्त आहे, तुझ्या टेबलावर सहज मावते आणि शॅमेलिऑनचं बोटाएवढं पिल्लू तिच्यात मजेत दिसतं, हे सगळं खरं. पण पिल्लू बोटाएवढं फार दिवस राहत नाही. बाबांच्या खिशातून पैसे जायच्या आधी तू विचारलंस, हे फार चांगलं केलंस; म्हणून उत्तरही जरा सविस्तर देते.

तू ज्याच्यावर जीव टाकला आहेस तो व्हेल्ड शॅमेलिऑन हा सरडा मूळचा यमनचा आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातला. अंड्यातून बाहेर पडतो तेव्हा शेपटीसकट जेमतेम तीन इंच असतो. त्यातला नर वर्षभरात दीड ते दोन फुटांचा होतो आणि डोक्यावर उंच तुरा मिरवू लागतो. मादी साधारण फूटभर भरते. नीट सांभाळलेला नर सहा-सात वर्षं सहज जगतो, म्हणजे आज चौदा वर्षांचा असलेला तू कॉलेजात जाशील तेव्हाही तो घरात असणार. घर निवडायचं ते त्या पूर्ण वाढलेल्या नराच्या मापाचं.

दुकानदार पेटीचं माप गॅलनमध्ये सांगतात. हे माप मूळचं माशांच्या टाकीचं. किती पाणी मावेल हे त्यातून कळतं, पण टाकी आडवी आहे की उभी हे कळत नाही, आणि शॅमेलिऑनच्या बाबतीत सगळा प्रश्न तिथेच आहे. बिअर्डेड ड्रॅगन हा दुसरा सरडा जमिनीवर धावतो, त्याला लांबी लागते. शॅमेलिऑनचं शरीरच फांदीसाठी घडलेलं. पायाची बोटं दोन आणि तीन अशी जोडलेली असतात, त्यामुळे प्रत्येक पाऊल फांदीला चिमट्यासारखं धरतं. शेपटी पाचव्या पायाचं काम करते. सपाट जमिनीवर हाच प्राणी डुगडुगत चालतो. धोका वाटला की तो वर चढतो, आणि रात्री झोपतो तो बहुधा बारीक फांदीच्या टोकाशी, कारण साप आला तर फांदी हलते आणि त्याला जाग येते. ज्या पेटीत वर जायला जागा नाही, तिथे त्याला सुरक्षित वाटण्याचा मार्गच बंद होतो.

आता आकडे. अमेरिकेतले अनुभवी पाळणारे पूर्ण वाढलेल्या नरासाठी किमान दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि चार फूट उंच पिंजरा सांगतात. मादीसाठी दीड फूट, दीड फूट आणि तीन फूट हे माप चालवून घेतलं जातं, पण तिलाही मोठा मिळाला तर उत्तमच. बाजारात सोळा इंच लांबी-रुंदीचा आणि तीस इंच उंचीचा पिंजराही मिळतो आणि तो पाहताना लहान वाटत नाही. गुणाकार करून बघ: त्यात साडेचार घनफूटही जागा नाही, मादीच्या मापात पावणेसात आहे आणि नराच्या मापात सोळा. नुसत्या नजरेने हा फरक लक्षात येत नाही, म्हणून दुकानात जाताना टेप बरोबर ने.

जर्मनीत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या निवाऱ्याबद्दल तज्ज्ञांचा एक अहवाल १९९७ साली निघाला. त्यातली मापं इंचात किंवा सेंटिमीटरमध्ये नाहीत. प्राण्याच्या नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या लांबीच्या पटीत आहेत. प्राणी वाढला की त्याच्या हक्काची जागाही वाढते. ही पद्धत तूही उचल. पिंजऱ्यासमोर उभा राहून हा मोठा दिसतो का, असं मनाला विचारू नकोस. दोन फुटी नराने शेपटी सरळ केली तर तो यात वळेल का, असं विचार. दीड फुटी पेटीत तो वळणार नाही.

पण उंचीचं आणखी एक कारण आहे, आणि आत्याला ते सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तुमच्या डॅलसशेजारी फोर्ट वर्थला टेक्सस ख्रिश्चन युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या गॅरी फर्ग्युसन यांनी पँथर या दुसऱ्या जातीच्या शॅमेलिऑनवर पुष्कळ वर्षं काम केलं. त्यांच्या गटाने २००९ मध्ये एक फार सुंदर गोष्ट दाखवली. आहारातून ड जीवनसत्त्व कमी मिळालेले शॅमेलिऑन अतिनील किरणांत आपणहून जास्त वेळ बसत, आणि ज्यांना ते भरपूर मिळालं होतं ते सावलीकडे सरकत. आपल्याला किती ऊन हवं, हा हिशेब प्राणी स्वतः करतो. अट एकच: ऊन आणि सावली दोन्ही त्याच्या आवाक्यात हवीत.

पिंजऱ्यात ही सोय उंचीमुळेच होते. दिवे वरच्या जाळीवर असतात. एक ऊब देणारा, दुसरा अतिनील किरणांची लांब ट्यूब. दिव्याखाली आठ-नऊ इंचांवर उन्हाची फांदी बांधतात. तिथे ८५ अंश फॅरनहाइटच्या आसपास तापमान आणि ३च्या आसपास यूव्ही इंडेक्स हवा. तिथून खाली जावं तसं दोन्ही कमी होत जातं. चार फुटांच्या पिंजऱ्यात सर्वांत खाली ७२ अंशांची सावली सहज मिळते. दीड फुटांच्या पेटीत वरची फांदी दिव्यापासून सुरक्षित अंतरावर बांधली की खाली उरते जेमतेम वीतभर जागा, आणि ती सगळी जवळजवळ सारखीच तापलेली असते. प्राणी वर गेला तर भाजतो, खाली आला तर गार होत नाही. खिडकीतलं ऊन येतंच की, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस, कारण साधी काच हे उपयोगाचे अतिनील किरण बहुतेक अडवते. ते मिळाले नाहीत तर हाडं मऊ पडतात, पाय वाकतात आणि जीभ नीट बाहेर पडत नाही.

जिभेचा विषय निघालाच आहे तर सांगते. शॅमेलिऑनची जीभ त्याच्या धडाच्या दीडपट-दुप्पट लांब जाते. दुरून नेम धरून मारा करणं हा त्याचा स्वभाव, आणि अंगाचा व्यायामही. ज्या घरात भक्ष्य आणि तो यांच्यात एक फुटाचंही अंतर राहत नाही, तिथे तो हे करणार कसा?

भिंती काचेच्या की जाळीच्या, हा प्रश्न मापाइतकाच अडचणीचा आहे. जाळीत हवा खेळती राहते आणि प्राण्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसत नाही. हा एकटा राहणारा प्राणी आहे. काचेत दिसणारं स्वतःचंच रूप त्याला शत्रू वाटू शकतं. पण डॅलसच्या घरात उन्हाळाभर एसी आणि हिवाळ्यात हीटर चालतो, हवा कोरडी होते आणि पूर्ण जाळीच्या पिंजऱ्यातला ओलावा तासाभरात उडून जातो. त्यावर लोकांनी सोपा तोडगा काढला आहे: मागची भिंत आणि दोन बाजू प्लॅस्टिकच्या शीटने झाकायच्या, समोरची बाजू आणि छत जाळीचं ठेवायचं. पाणी तो वाटीतून क्वचितच पितो. पानांवरचे थेंब चाटतो. म्हणून रोज फवारा लागतो आणि खाली पाणी निघून जायला ट्रे लागतो. लहान पेटीत फवारलेलं पाणी साचतं, हवा कोंदते आणि श्वसनाचे आजार होतात.

मोठा पण रिकामा पिंजरा मात्र लहान पेटीइतकाच वाईट. आडोसा नसलेल्या मोकळ्या जागेत शॅमेलिऑन उघडा पडतो. तेव्हा फांद्या वेगवेगळ्या जाडीच्या आणि तिरप्या-आडव्या बांध, आणि मध्यभागी खऱ्या झाडांची इतकी दाटी कर की त्याने मनात आणलं तर तू त्याला पाहू शकणार नाहीस. जास्वंद सर्वांत छान, कारण व्हेल्ड शॅमेलिऑन पानंफुलंही खातो आणि जास्वंदीचं दोन्ही त्याला चालतं. आजीच्या गॅलरीतली जास्वंद तुला आठवत असेल. अमेरिकेतल्या नर्सरीतही ती मिळते. फक्त आणल्यावर पानं धू आणि वरची माती बदल, कारण नर्सरीत औषध मारलेलं असतं.

तुझा खरा प्रश्न होता, "पिल्लू मोठ्या पिंजऱ्यात हरवणार नाही का?" यात तथ्य आहे. बारीक किडे चार फुटांत पांगतात आणि पिल्लाला सापडत नाहीत. पण त्यासाठी पिंजरा लहान करायला नको. किडे एका उभ्या कपात ठेवून तो कप पिल्लाच्या आवडत्या फांदीजवळ टांगला की काम भागतं. काहीजण पहिले तीन-चार महिने लहान पिंजरा वापरतात, तेही चालतं. मात्र पैसे मोजून दोनदा पिंजरे घेण्यात अर्थ नाही, आणि बहुतेक घरांत तो दुसरा पिंजरा पुढच्या महिन्यावर ढकलला जातो. मोठाच घे.

मादी घ्यायचा विचार असेल तर आणखी एक जागा राखावी लागेल. व्हेल्डची मादी नराशिवायही अंडी घालते, तीही पाच-सहा महिन्यांची झाल्यापासून, एका वेळी वीस-तीस किंवा त्याहून कितीतरी जास्त. तिला खणायला फूटभर खोल ओल्या वाळूचा डबा पिंजऱ्यातच हवा. मनासारखी जागा सापडली नाही तर ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यात दगावते. पहिल्यांदा पाळणाऱ्याने नर घ्यावा, हे त्यामुळेच बरं. आणि एका पिंजऱ्यात एकच प्राणी. सोळा घनफूट असले म्हणून दोघे मावतील, असा हिशेब करू नकोस.

हे माप सगळ्या शॅमेलिऑनना लागू नाही. मादागास्करच्या पँथर नराला हेच चालतं. आफ्रिकेतले बोटभर लांबीचे पिग्मी शॅमेलिऑन पालापाचोळ्याजवळ राहतात, त्यांना ओल धरणारी काचेची बसकी पेटीच बरी. केनियाच्या डोंगरातल्या तीन शिंगांच्या जॅक्सन्स शॅमेलिऑनला गार रात्र लागते. १९७२ साली हवाईतल्या कानेओहे इथे एका प्राणी-विक्रेत्याने असे काही डझन जॅक्सन्स मागवले. प्रवासाने खंगले होते म्हणून त्याने ते बागेत सोडले. उंच झाडं, दमट हवा आणि गारवा मिळताच ते सावरले, पसरले आणि आता तिथल्या दुर्मीळ गोगलगायी खाताहेत. फ्लोरिडात व्हेल्डचंही असंच झालं आहे. तेव्हा उद्या कंटाळा आला तरी तो बाहेर सोडायचा नाही, हे आजच ठरव.

महाराष्ट्रातही एक शॅमेलिऑन आहे, आपला घोयरा. काटेरी झुडपांच्या माळांवर आणि कोरड्या जंगलांत तो राहतो. भारतात त्याला वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. पुढच्या वेळी पावसाळ्यात येशील तेव्हा आत्या तुला तो शोधायला नेईल. एकाच झाडावर तो दिवसभरात किती वर-खाली करतो, हे पाहिलंस की या पत्रातले आकडे तुला पाठ करावे लागणार नाहीत.

आता काम. तुझ्या खोलीत एसीच्या झोताबाहेर आणि पंख्यापासून दूर असा कोपरा शोध. पिंजरा जमिनीवर ठेवायचा नाही. दोन फुटी स्टँडवर ठेवलास तर वरची फांदी तुझ्या डोळ्यांच्या वर राहील आणि वरून माणूस झुकला की त्याला वाटणारी भीती टळेल. स्टँड, पिंजरा आणि दिवे मिळून सात फुटांच्या आसपास जाईल, तेव्हा छताची उंची मोज. झाडं, दिवे, फवारा सगळं बसवून पिंजरा आठवडाभर रिकामा चालव. वरच्या, मधल्या आणि खालच्या फांदीचं तापमान सकाळ-दुपार-रात्र वहीत लिही. तिन्ही आकडे सारखे आले तर मांडणी बदलायची. नीट वेगळे आले तरच प्राणी आणायचा.

तो आल्यावर त्याच्याकडे बघायला शीक. सकाळी तो गडद दिसला तर ऊब घेत असेल, त्यात काळजी नाही. दुपारभर गडद राहिला, जाळीवर नखं मारत वर-खाली फिरत राहिला किंवा दिवसा डोळे मिटून बसला तर जागा, उष्णता किंवा पाणी यांपैकी काहीतरी चुकतं आहे. अशा वेळी सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे लगेच जा, आणि त्याचा पत्ता आधीच शोधून ठेव.

कोपऱ्याची लांबी, रुंदी आणि छताची उंची मोजून रविवारी फोनवर सांग. बाबांशी पैशांचं आत्या बोलेल. पेटीपेक्षा खर्च जास्त होणार, हे त्यांना आधीच कळलेलं बरं.

तुझी,
आत्या