ग्राहींची छाननी व विघटन : तमकश्वासाच्या संदर्भात

औषध तेच, मात्रा तीच, तरी गुण कमी का येतो? श्वासाचे रुग्ण वारंवार विचारतात त्या या प्रश्नाचे एक उत्तर पेशीपटलावरील ग्राहींच्या (रिसेप्टर) व्यवहारात सापडते.

सालब्युटामॉल श्वासनलिकेच्या स्नायुपेशींवरील बीटा-२ ग्राहींशी संयोग पावते व स्नायू शिथिल होतात. या जातीच्या ग्राहींवरील संशोधनासाठी रॉबर्ट लेफ्कोविट्झ व ब्रायन कोबिल्का यांना २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. संदेश अनिर्बंध चालू राहू नये म्हणून पेशी तीन टप्प्यांत नियंत्रण ठेवते.

१. विराम : किनेज नावाची विकरे ग्राहीवर फॉस्फेट बसवितात. त्यावर ॲरेस्टिन हे प्रथिन बसते व संदेशवहन थांबते.

२. अंतर्ग्रहण : क्लॅथ्रिन प्रथिनाच्या जाळीच्या साह्याने पटल आत वळते आणि ग्राही एंडोसोम या पुटिकेत जातो.

३. छाननी : औषधाचा संपर्क अल्पकाळ असल्यास फॉस्फेट काढून ग्राही पटलावर परत पाठविला जातो. संपर्क दीर्घकाळ राहिल्यास युबिक्विटिनची खूण झालेले ग्राही लायसोसोमच्या आम्ल वातावरणात विघटित होतात. मग नवे ग्राही घडेपर्यंत पेशीचा प्रतिसाद मंदावतो.

व्यवहारात याचे महत्त्व मोठे आहे. केवळ सालब्युटामॉलवर अवलंबून राहिल्यास संरक्षण घटते आणि मूळचा शोथ तसाच राहतो. श्वसनमार्गे दिलेली स्टेरॉइडे शोथ कमी करतात, तसेच बीटा-२ ग्राहींची निर्मितीही वाढवितात. म्हणूनच दम्याविषयीच्या ‘जिना’ या जागतिक मार्गदर्शिकेने २०१९ पासून प्रौढ व किशोरवयीन रुग्णांना केवळ अल्पकालीन श्वासनलिका-विस्फारक देण्याची शिफारस मागे घेतली. वर्षाला २०० मात्रांचे तीन वा अधिक पंप लागणे हे वाढत्या धोक्याचे लक्षण मानले जाते.

सोम म्हणून वापरल्या जाणाऱ्या एफेड्रा वनस्पतीतील इफेड्रिनही याच मार्गावर कार्य करते. त्यामुळे सालब्युटामॉल घेणाऱ्या रुग्णास सोमयुक्त कल्प देताना नाडीगती व रक्तदाब पाहणे अगत्याचे आहे. अतियोगाची संकल्पना वैद्यांना परिचित आहेच. ग्राहींचे विघटन हा तिचा पुरावा नव्हे, परंतु मात्रा व काल यांचा विचार दोन्हीकडे समान आहे.

वैद्यांनी प्रत्येक श्वासरुग्णास ‘पंप किती दिवसांत संपतो?’ हे अवश्य विचारावे. औषधविक्रेत्यांनी वरचेवर पंप नेणाऱ्यास चिकित्सकाकडे पाठवावे. चालू स्टेरॉइड मात्र परस्पर बंद करवू नये.