स्वर्णमाक्षिकाची छेदपरीक्षा

रसरत्नसमुच्चयात माक्षिक व विमल हे दोन स्वतंत्र महारस आहेत. स्वर्णमाक्षिक म्हणजे चाल्कोपायराइट आणि विमल म्हणजे पायराइट, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. बाजारातील दगडात मात्र ही दोन्ही पिवळी खनिजे गारगोटीसह गुंतलेली आढळतात.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका दगडाचा सोनेरी फुटवा पाहून सगळा माल स्वीकारला. लिंबूरस व सैंधव घालून लोखंडी कढईत शोधन केले, पुटे दिली. तरी भस्माची दाताखालची कचकच जाईना. उरलेल्या कच्च्या मालाचा छेद तपासला, तेव्हा त्यात गारगोटी भरपूर निघाली. शोधनाने वा पुटाने गारगोटी जात नाही. म्हणून परीक्षा कढईपूर्वीच व्हावयास हवी.

कृती अशी : प्रत्येक पोत्यातून थोडा माल घेऊन भरड कुटावा. ढिगाचे चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवावेत व नमुना लहान होईपर्यंत हे पुनःपुन्हा करावे. कण रेझिनमध्ये बसवावेत. जड कण तळाशी जातात. यास्तव वडी उभी कापून छेदास झिलई द्यावी. परावर्तित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली चाल्कोपायराइट पितळी पिवळे, पायराइट फिकट पिवळसर पांढरे, तर गारगोटी करडी दिसते. भूशास्त्र विभाग असलेल्या महाविद्यालयात ही सोय असू शकते.

छेदावर समान अंतरांच्या बिंदूंची जाळी कल्पून कोणता बिंदू कोणत्या खनिजावर पडतो, ते मोजावे; रेझिनवरचे बिंदू सोडावेत. छेदातील क्षेत्रफळाचे प्रमाण सरासरीने घनफळाच्या प्रमाणाइतके असते, हे फ्रेंच भूवैज्ञानिक डेलेस यांनी 1847 मध्ये मांडले.

उदाहरणार्थ, 400 बिंदूंपैकी चाल्कोपायराइट 240, पायराइट 60 व गारगोटी 100, म्हणजे घनफळाने 60, 15 व 25 टक्के. अनुक्रमे 4.2, 5.0 व 2.65 या विशिष्ट गुरुत्वांनी गुणल्यास वजनी प्रमाण सुमारे 64, 19 व 17 टक्के येते. शुद्ध चाल्कोपायराइटमध्ये तांबे 34.6 टक्के असते. म्हणजे या मालात ते सुमारे 22 टक्केच भरेल.

एक सावधगिरी बाळगावी. दोन खनिजांचा जोडकण कडेने कापला गेला, तर छेदात एकच खनिज दिसते. शुद्ध कण मात्र कसाही कापला तरी शुद्धच दिसतो. त्यामुळे छेदात शुद्ध भासणाऱ्या कणांची संख्या वास्तवापेक्षा अधिक भरते. अनेक कणांची सरासरी विश्वसनीय, एका कणाचे दर्शन नव्हे. आमच्या सोनेरी फुटव्याने आम्हांस असेच फसविले होते. छेदात जोडकण बरेच दिसल्यास केवळ निवडून गारगोटी निघणार नाही. माल अधिक बारीक कुटूनच ती वेगळी करावी लागेल.

ग्राह्य-अग्राह्य लक्षणे शास्त्राने सांगितलीच आहेत. त्यांच्या जोडीस ही मोजणी ठेवल्यास औषधनिर्मात्यास माल परत करण्याचे सबळ कारण हाती राहील आणि रुग्णास निर्दोष भस्म मिळेल.