विषमज्वरातील बीज आणि हिवतापाचे निर्मूलन

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील तिसरा अध्याय आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत अभ्यासला आहे. संतत, सतत, अन्येद्युष्क, तृतीयक व चतुर्थक हे विषमज्वराचे पाच प्रकार सांगताना तेथे एक दृष्टांत येतो. भूमीत पडलेले बीज योग्य काळ येईपर्यंत निपचित राहते व मग अंकुरते. त्याचप्रमाणे धातूंत दबा धरून राहिलेला दोष काळ येताच प्रकुपित होतो. प्रस्तुत लेख या बीजाविषयीच आहे.

विषमज्वर म्हणजे हिवताप असे सरसकट समीकरण मांडणे बरोबर नाही. तथापि एक दिवसाआड येणारा तृतीयक हा व्हायवॅक्स परजीवीच्या ४८ तासांच्या चक्राशी, तर चतुर्थक हा मलेरिई परजीवीच्या ७२ तासांच्या चक्राशी जुळतो. व्हायवॅक्सचे काही परजीवी यकृतात निद्रिस्त राहतात, हे १९८० च्या सुमारास सिद्ध झाले. रक्तातील परजीवी नष्ट झाले, ताप उतरला, रुग्ण कामाला लागला, तरी काही आठवड्यांनी वा महिन्यांनी तेच दुखणे पुन्हा उद्भवते. प्राचीन आचार्यांना परजीवी ठाऊक होता असा दावा करण्याचे कारण नाही. ज्वराचे वेळापत्रक आणि त्याचे पुनरावर्तन त्यांनी अचूक टिपले, एवढा गौरव पुरेसा आहे.

येथे एक अप्रिय गोष्ट नमूद केली पाहिजे. सप्तपर्ण, कुटकी, किराततिक्त व कुबेराक्ष यांचा योग असलेले आयुष-६४ आपल्यापैकी अनेकजण विश्वासाने वापरतात. व्हायवॅक्स हिवतापात त्याची क्लोरोक्विनशी तुलना करणारी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. तीत क्लोरोक्विन घेतलेले रुग्ण परजीवीमुक्त झाले. आयुष-६४ घेतलेल्यांपैकी मात्र सुमारे निम्मेच. ज्वर शमविणे आणि परजीवी नष्ट करणे यांतील अंतर यावरून स्पष्ट होते. एका रुग्णापुरता विचार केला तर ते लहान वाटेल. परंतु तोच रुग्ण डासाला परजीवी पुरवीत राहतो.

या दृष्टीने गोव्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. १९८६ नंतर पणजी परिसरात हिवताप फोफावला. बांधकामांवरील पाण्याच्या टाक्यांत वाढणारा अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी डास आणि परप्रांतांतून येणारे मजूर, ही त्याची दोन मुख्य कारणे होती. राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेचे क्षेत्रीय केंद्र तेथे काम करू लागले. पुढे २०१० पासून अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या प्रा. प्रदीपसिंह राठोड यांच्या नेतृत्वाखाली बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात दक्षिण आशियातील हिवतापाचे संशोधनकेंद्र उभे राहिले. रुग्णाच्या रक्तातील परजीवी प्रयोगशाळेत जिवंत ठेवून त्यांवर औषधांचा परिणाम पाहणे आणि त्यासाठी येथील तरुण संशोधकांना तयार करणे, हे त्या कामाचे स्वरूप. नमुने परदेशी पाठवून अहवालाची वाट पाहण्यापेक्षा जेथे रोग तेथेच विद्या रुजविणे मला अधिक मोलाचे वाटते. भारताने २०३० पर्यंत हिवताप निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते अशा प्रशिक्षित माणसांवाचून साधणारे नाही.

कडेगावच्या वैद्याचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. राज्यातील हिवतापाचा भार प्रामुख्याने गडचिरोली व मुंबईकडे आहे. आपल्याकडे रुग्ण विरळ. विरळ म्हणूनच तो आपल्या ध्यानात येत नाही. ताकारी व टेंभू योजनांचे पाणी या दुष्काळी पट्ट्यात आले, ऊस वाढला, ही आनंदाची गोष्ट. परंतु कालव्याकाठी साचणारे स्वच्छ पाणी अ‍ॅनॉफिलीस क्युलिसिफेसीसला मानवते, आणि दरवर्षी हंगामात तोडणीच्या टोळ्या फडाशेजारी कोप्या घालतात. डास येथला, बीज दुरून आलेले, अशी गाठ पडण्यास वेळ लागत नाही.

काही वर्षांपूर्वी अशाच कोपीतला एक तरुण माझ्याकडे थंडीतापाने आला. एक दिवसाआड ताप, हुडहुडी, मग घाम. तृतीयकाचे निदान मी ऐटीत केले, काढा दिला आणि रक्त तपासले नाही. ताप उतरला. तीन आठवड्यांनी तो पुन्हा आला, या वेळी धाकट्या भावासह. दोघांच्याही काचपट्टीत व्हायवॅक्स निघाला. भावाला तो कोठून झाला हे सिद्ध करता येणार नाही. माझ्या मनात मात्र शंका नाही.

तेव्हापासून ज्वराच्या रुग्णाला औषध देण्यापूर्वी त्याचा रक्तनमुना प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवितो. हिवताप ठरल्यास उपचार तेथूनच होतात. आपले पथ्य, बल्य व यकृतपोषक योग त्यांच्या जोडीला द्यावेत, जागी नव्हे. यकृतातील बीज निपटण्यासाठी व्हायवॅक्समध्ये प्रायमाक्विन चौदा दिवस द्यावे लागते. गर्भिणी व तान्ह्या बालकांना ते वर्ज्य आहे, आणि जी-६-पीडी या विकराची उणीव असलेल्यांत त्याने रक्तकण फुटू शकतात. लघवी काळपट झाल्यास गोळी थांबवून ताबडतोब येण्यास सांगावे. खरी अडचण चौथ्या दिवशी येते. बरे वाटते आणि गोळ्या ताकावर राहतात. अशा वेळी मुकादमाला विश्वासात घ्यावे, आणि टोळी दुसऱ्या फडावर हलणार असेल तर उरलेल्या गोळ्या व चिठ्ठी रुग्णाच्या हाती देऊन तेथील आशा स्वयंसेविकेस आधीच कळवावे.