केसपेपरवरचा शब्द : ‘इडिओपॅथिक’

दवाखान्यातून मिळालेल्या केसपेपरवर कधीकधी रोगाच्या नावाआधी ‘इडिओपॅथिक’ असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ विचारला की उत्तर मिळते, “कारण सापडलेले नाही.” मग घरात कोणी नजर लागली म्हणते, कोणी करणी म्हणते आणि गोळ्या फळीवर पडून राहतात. म्हणून हा शब्द नीट समजून घेऊ या.

शब्द मूळचा ग्रीक. ‘इडिओस’ म्हणजे स्वतःचा आणि ‘पॅथोस’ म्हणजे पीडा. दुसऱ्या अवयवामुळे नव्हे, तर त्याच अवयवात उपजलेला आजार, असा त्याचा जुना अर्थ. आजचे डॉक्टर तो वेगळ्या अर्थाने वापरतात : तपासण्या करूनही ज्याचे कारण अजून कळलेले नाही, असा आजार.

यातला ‘अजून’ महत्त्वाचा आहे. आयटीपी या आजारात रक्तातील प्लेटलेट्स कमी होतात, अंगावर लालसर-जांभळे ठिपके उठतात, नाकातून किंवा हिरड्यांतून रक्त येते. या नावातला ‘आय’ पूर्वी ‘इडिओपॅथिक’चा होता. १९५० साली अमेरिकेतील सेंट लुईस येथे डॉ. विल्यम हॅरिंग्टन यांनी अशा रुग्णाचे रक्त स्वतःच्या अंगात चढवून घेतले. काही तासांतच त्यांच्या प्लेटलेट्स झपाट्याने घसरल्या. काही दिवसांनी त्या पुन्हा वाढल्या. म्हणजे दोष रुग्णाच्या रक्तातील कशात तरी होता. पुढे कळले की शरीराची प्रतिकारशक्तीच प्लेटलेट्स नष्ट करते. आज तोच ‘आय’ ‘इम्यून’चा, म्हणजे प्रतिकारशक्तीचा मानला जातो.

कारण कळले नाही म्हणजे कारणच नाही, असे नव्हे. आणि उपचार नाही, असे तर मुळीच नव्हे. वाढत्या वयातील मुलामुलींचा कणा वाकतो, त्यालाही बहुतेक वेळा ‘इडिओपॅथिक’च म्हणतात. तरी वेळीच दाखवले तर पट्टा लावून बाक वाढणे रोखता येऊ शकते.

हा शब्द दिसला तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : कोणत्या तपासण्या झाल्या? औषध किती दिवस घ्यायचे? कोणते लक्षण दिसले तर लगेच यायचे? आयटीपीसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या मनाने एकदम बंद करू नका. दुखण्यावर अ‍ॅस्पिरिन स्वतःहून घेऊ नका. रक्त थांबत नसेल तर अंगाऱ्यात वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठा.