गोव्यात पोलीस व्हायचं असेल तर

‘राज्य ते केवढंसं, त्यात भरती कितीशी होणार?’ मुलानं गोवा पोलिसांचं नाव काढलं की पालकांची पहिली शंका हीच. जागा मोजक्या असतात, हे खरंच आहे. पण जागांवरून कामाचं माप काढलं की हिशेब चुकतो. गोव्याचं क्षेत्रफळ ३,७०२ चौरस किलोमीटर, २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास आणि वर्षाला येणारे पर्यटक कोटीच्या घरात. अमली पदार्थ, किनारपट्टी, सायबर फसवणूक, वाहतूक हे सगळं सांभाळणारं दल एकच. त्यामुळे दहा-पंधरा वर्षांत एकाच माणसाच्या हातून नाना तऱ्हेची कामं जाऊ शकतात. आणि बदली पेडण्याहून थेट काणकोणला झाली, तरी घर काही तासांच्याच अंतरावर राहतं.

वर चढायला वाव नाही, हा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वरिष्ठ पदांवर येणारे आयपीएस अधिकारी अरुणाचल, गोवा, मिझोराम आणि केंद्रशासित प्रदेश यांच्या सामायिक केडरमधले. गोव्याचा मुलगा यूपीएससी उत्तीर्ण झाला म्हणून गोव्यातच येईल, असं नाही. ज्याला राज्यातच राहायचं आहे त्यानं गोवा लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जाणाऱ्या उपअधीक्षक पदाकडे पाहावं. वशिल्याचं काय, असं पालक दबक्या आवाजात विचारतातच. ‘क’ गटातल्या पदांसाठी २०१९ च्या कायद्यानं कर्मचारी निवड आयोग आला. त्यानं वशिला नाहीसा झाला, असं कुणी छातीठोकपणे सांगू नये, पण वशिल्याच्या भरवशावर तयारी सोडणं हा निव्वळ जुगार. खरी अडचण मला वेगळीच दिसते. लहान राज्यात पोलीस अनोळखी राहत नाही. ज्याच्यावर कारवाई करायची तो वाड्यावरचा, नात्यातला किंवा शाळासोबती निघतो, आणि संध्याकाळी घरी शब्द टाकायला कुणीतरी येऊन बसलेलं असतं. ‘नाही’ म्हणण्याची ताकद मुलाच्या अंगी आहे का, हे पालकांनी त्याच्या उंची-छातीच्या मापाआधी पाहावं.

तयारीत भाषेला कमी लेखू नका. सरकारी पदांना कोकणी आवश्यक आणि मराठी येत असल्यास उत्तम, अशी अट असते. सोबत सामान्यतः पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. सिंधुदुर्गातल्या पालकांनी सीमा जवळ आहे म्हणून मुलगा पात्र ठरेल असं गृहीत धरू नये. वर्दीच हवी असा हट्ट नसेल, तर फोंड्यात राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं संकुल आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनं सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञानं घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. ती अमलात आणायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आज बारावीत असलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडेल, तेव्हा ती मुदत संपत आलेली किंवा संपलेली असेल.