धारावी नेमकी कोणती?

प्रश्न : सातवीतला मुलगा प्रत्येक उत्तर एआय ॲपला विचारतो. तो स्वतः विचार कसा करील?
– एक पालक, भाईंदर

उत्तर : मोबाइल काढून घेऊ नये, मुलाला ॲपची उलटतपासणी शिकवावी.

त्याने ‘धारावीचा किल्ला’ विचारून पाहावा. मुंबईतल्या धारावीत १७३७चा काळा किल्ला आहे. दुसरा धारावी किल्ला उत्तनजवळ चौकला, चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेतला. ॲप दोन्हींची सरमिसळ करू शकते. म्हणून प्रत्येक वाक्य वहीत उतरवून मुलाने पुढे लिहावे : हे कोणत्या धारावीचे? कशावरून? वसई १७३९मध्ये मराठ्यांनी जिंकली. ॲपची सनावळी या सनाशी जुळते का?

तंत्रज्ञानाचे वावडे नकोच. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोडची जोड दिली. २०२०चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला.

रविवारी वही घेऊन चौकला जावे. वाक्यांपुढे बरोबर-चूकच्या खुणा तिथेच कराव्यात.